कोकराचं डोकं

"उघड ती पिशवी," हिल्डिंग म्हणाला.

मुलगी दचकली नाही. गुडघ्यांवरची माती झटकत उठली आणि त्याच्याकडे बघत राहिली. पडक्या चर्चच्या तिसऱ्या खांबापाशी ती अर्धा तास गवतात काहीतरी चाचपत होती, आणि हिल्डिंग अर्धा तास कमानीत उभा राहून तिला बघत होता.

"कशाला उघडू?"

"दगड टाकलास त्यात. मी बघितलं."

हद्द झाली होती या लोकांची. उन्हाळा लागला की मुख्य भूमीवरचे पाहुणे बोटी भरभरून स्वीडनच्या या बेटावर, विस्बी गावात उतरतात, आठशे वर्षांच्या भिंतींवर बसून आइस्क्रीम खातात आणि जाताना आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालतात. छप्पर केव्हाच गेलं. भिंती उरल्यात, त्याही आता खिशाखिशातून निघाल्या. गावात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. एकटा हिल्डिंग शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी इथे राखणीला येतो, तेही बिनपगारी. लोक त्याला 'दगडांचा बाप' म्हणतात. म्हणोत बापडे.

मुलीने पिशवीतून तुकडा काढला. मुठीएवढा, चुनखडीचा. त्यावर कोकराचं डोकं कोरलेलं, कानामागे प्रभावळीची कड.

हिल्डिंगचा चेहरा लालबुंद झाला.

"हे आणखी कुणाला दाखवलंस?"

"कुणालाच नाही."

"लाज कशी वाटत नाही तुम्हा लोकांना?"

"अहो, मी हे इथून उचललेलं नाही. परत द्यायला आणलंय." ती आता चिडली होती. "तूवा माझं नाव. काल्मारहून आलेय. माझे आजोबा बारा वर्षांचे असताना शाळेच्या सहलीबरोबर इथे आले होते. पोरांनी पैज लावली आणि त्यांनी थडग्याच्या दगडावरचं हे डोकं ठोकून पाडलं. पासष्ट वर्षं कपाटात लपवून ठेवलंय. आता इस्पितळात आहेत, आठवडाभराचे सोबती. म्हणाले, जिथलं आहे तिथे ठेव आणि मला फोटो पाठव, म्हणजे मी सुटलो."

"वा. कथा छान रचलीस."

तिने घडी घातलेला कागद पुढे केला. थरथरत्या हाताने काढलेलं चित्र होतं. तिसरा खांब, भिंतीलगत लांब दगड, त्यावर झेंडा घेतलेलं कोकरू.

"तीन दिवस शोधतेय. इथेच असायला हवा तो दगड. पण नुसतं गवत आहे."

हिल्डिंगने कागद हातात घेतलाच नाही. "तिथे कधी दगड नव्हता. चाळीस वर्षं इथला एकेक दगड मी ओळखतो."

"आजोबा खोटं नाही बोलणार."

"देवाच्या घरात हातोडा चालवणारा माणूस. त्याचं काय सांगतेस मला?"

तूवाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं. "ठीक आहे. संग्रहालयात नेऊन देते. तिथे कुणाला तरी माहीत असेल."

हिल्डिंग चटकन आडवा आला. "चोरीचा माल घेऊन गावभर मिरवणार? आण इकडे."

"पोलिसांना बोलवा. त्यांच्यासमोर देते."

"उपकार समज, बोलवत नाही. तुझ्या आजोबांचं नाव पेपरात छापून येईल, ते शेवटचे श्वास मोजत असताना. चालेल तुला?"

तेवढ्यात हिल्डिंगचा फोन वाजला. त्याची बायको, मायवोर.

"पाहुणे चारला येतायत," तिचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "केशराचा पॅनकेक झालाय. बागेतल्या टेबलावरचं मेणकापड फार मळलंय हो. काढून टाकू?"

"राहू दे. दुसरं घाल त्याच्यावर."

"दर वेळी हेच. तीन झालीत एकावर एक."

त्याने फोन बंद केला.

बंदराकडून बोटीचा पहिला भोंगा झाला. तूवाने घड्याळ बघितलं. ही चुकली तर उद्या सकाळपर्यंत बोट नव्हती, आणि इस्पितळातून सकाळीच फोन आला होता, लवकर ये म्हणून. तिने तुकडा ओंजळीत धरला, अंगठ्याने कोकराचा कान एकदा कुरवाळला आणि हिल्डिंगच्या हातावर ठेवला.

"मिळाल्याची चिठ्ठी तरी लिहून द्या."

"चोराला पावती देतात का?"

"निदान एक फोटो. तुमच्या हातातला. तेवढाच दाखवते त्यांना." तिने मोबाइल वर केला.

हिल्डिंगने मूठ मिटली. "फोटोबिटो नाही."

"काय माणूस आहात हो तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी त्यांना काय सांगू? शब्द तरी द्या, की हे जिथलं आहे तिथेच जाईल."

पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं.

"जिथलं आहे तिथेच जाईल. हा माझा शब्द."

ती पिशवी खांद्यावर टाकून उतारावरून पळत सुटली. हिल्डिंग कमानीत उभा राहिला. बोट सुटल्याचा भोंगा ऐकला, मग फाटक लावलं आणि घराकडे निघाला. वाटेत शेजारच्या बाईने विचारलं, आज कुणी सापडलं का. सापडलं, तो म्हणाला, अशा लोकांना सोडता कामा नये.

मायवोर आत पॅनकेकवर मुरंबा घालत होती. बागेत कुणी नव्हतं. वडिलांच्या वेळचं ते अवजड टेबल गुलाबांच्या आडोशाला होतं, कप मांडून तयार. हिल्डिंगने कप बाजूला सारले आणि चारही मेणकापडं एकदमच मागे दुमडली.

खालच्या लांब दगडावर झेंडा घेतलेलं कोकरू उभं होतं, मानेपर्यंत. त्याने खिशातला तुकडा काढून तिथे टेकवला. अगदी बरोबर बसला.