कुंपणातली कोरी जागा

"इथलं चित्र पुसलं गेलंय का हो?" डब्लिनहून आलेल्या दुकानदार प्रेंडरगास्टनं दुधाचा जग उजेडात फिरवून विचारलं.

गॉबनेट कुंभाराच्या चाकावरून उठली. हातावरची माती वाळत चालली होती. जगाच्या पोटाभोवती तिनं दारापुढचं कुंपण रंगवलं होतं: नेचे, ब्लॅकबेरीच्या वेली, दगडी बांधावरून डोकावणारी आगाऊ मेंढी. मधे मात्र बोटभर जागा कोरी.

"पुसलं नाही. तिथं पांढरकाटा आहे."

"कुठे आहे?"

"नाहीये, कारण तो पांढरकाटा आहे."

खिडकीबाहेर तो उभा होता. मे महिना, झाड कसलं, उतू गेलेलं दुधाचं पातेलं. पण पांढरकाट्याचं फूल घरात आलं की घरातली आई जाते, हे त्या दरीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. डोनोव्हनची मॉइरा केसात एक पाकळी विसरून स्वयंपाकघरात शिरली, तर तिची आई तीन डोंगर पलीकडे चहा ढवळता ढवळता गेली. मुठीतला चमचा चौघांना सोडवेना, शेवटी चमच्यासकट पुरली. आता चित्रातलं फूल चालतं का, यावर गावात दोन तट होते. फादर म्हणाले, बिनधास्त काढा, ही अडाणी समजूत आहे. त्या फुलाचा पहिला कप तुम्हालाच देते, असं गॉबनेट म्हणाली, तेव्हा फादरना आठवलं की आपलीही आई अजून हयात आहे.

"चाळीस जग घेतो," प्रेंडरगास्ट म्हणाला. "पण भोक पडलेलं कुंपण माझ्या दुकानात कोण घेणार? जगावर झाड काढा, नाहीतर सौदा राहू द्या."

"राहू द्या," गॉबनेट म्हणाली.

दाराशी काठ्या वाजल्या. एक्क्याण्णव वर्षांची हॅनोरा, गॉबनेटची आई, अंगण ओलांडून आली होती आणि सगळं ऐकून होती. ते चाक आधी तिचंच. हात कापायला लागले तेव्हा तिनं ते लेकीला दिलं, जीभ मात्र स्वतःकडे ठेवली.

"काढ की गं झाड."

"आई, तू यात पडू नकोस."

"मरायचंय मला, आणि मीच यात पडू नको? सत्तर वर्षं खिडकीतून बघतेय त्याला. दर वर्षी फुलतं आणि मला वाकुल्या दाखवतं."

गॉबनेटला तिची समजूत घालायची होती. लहान पोराला सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "काढीन ना. शब्द देते. तू गेल्यावर पहिलं तेच काढीन."

म्हातारीनं फळीवर सुकत असलेल्या भांड्यांवरून नजर फिरवली. जग, वाडगे, ताटल्या. सगळ्यांवर तेच कुंपण, सगळ्यांवर तीच बोटभर जागा. तीस वर्षं ती अशीच सुटत आली होती.

"मला वाटायचं, ही जागा तू माझ्या जिवासाठी सोडतेस," ती म्हणाली. "तू तर ती माझ्या मरणासाठी धरून ठेवलीस."

प्रेंडरगास्ट स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. हॅनोरानं एक काठी टाकून दिली, फळीवरचा एक कच्चा जग छातीशी धरला आणि लंगडत घराकडे निघाली. पांढऱ्या मातीच्या रंगाची वाटी आणि कुंचला घेऊन गॉबनेट मागोमाग धावली, ती उंबरठ्याशी येऊन अडली.

हॅनोरानं जग स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून त्याच्या पलीकडे बसली.

"आत ये. मी मेल्यावर ते झाड कुणीही काढील. मी समोर बसलेय तोवर काढ."