पदराची गाठ

सहा महिने मुकुंद एकच हातचलाखी घोटत होता. नाणं टाकल्यासारखं करायचं आणि तळहातातच दडवायचं. भाऊबीजेला अक्काने ओवाळलं, त्याने तबकात चांदीचं नाणं टाकलं, पण आवाजच झाला नाही. सवयीने बोटांनी ते हातातच दडवलं होतं.

तो ओशाळून मूठ उघडणार, तोच अक्काच्या सासूबाईंनी पलंगावरून विचारलं, "काय घातलं गं भावाने?"

अक्काने रिकाम्या तबकाकडे पाहिलं, मग त्याच्या विटक्या सदऱ्याकडे. तिने चटकन तबकातून काहीतरी उचलल्यासारखं केलं. "चांदीचं नाणं, आई," असं म्हणत तिने रिकाम्या पदराला घट्ट गाठ मारली.

इतकी सफाई मुकुंदला कधी साधली नव्हती. आता मूठ उघडली, तर अक्का खोटी पडणार होती.