बुधवारची अवे मॅच

"मोटरवे नको ना, बाबा. डोंगरातून जाऊ या. तो रस्ता किती सुंदर दिसतो!" सान्वी नकाशावर ओणवी झाली होती.

लंडनच्या पिनर भागातल्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलावर परीक्षितनं जुना रोड ॲटलास उघडून ठेवला होता. वाट फोन दाखवतोच. पण लांबच्या प्रवासाआधी बोट फिरवत सगळा रस्ता एकदा मनातल्या मनात चालवून बघायची त्याची सवय होती. लंडन सुटलं, बर्मिंगहॅम मागे पडलं, की नकाशा हिरवा होत जायचा आणि गावांची नावं विरळ. तिथंच वर, समुद्राच्या कडेला, लँकेस्टर.

बुधवारी दुपारी तिथे चैत्रालीची मॅच होती. लीड्सला शिकायला गेल्यावर तिनं युनिव्हर्सिटीचा फुटबॉल क्लब धरला होता. टीम क्लबच्या चौथ्या फळीची का असेना, पण ती पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार होती. गोलकीपर.

"तिला सांगायचं का?" सान्वीनं विचारलं.

"नको. सांगितलं तर येऊच देणार नाही."

"पण ती चिडली तर?"

परीक्षितनं नकाशाचं पान उलटलं. "चिडली तर चिडली. होम मॅचला मैत्रिणी तरी येतात. अवेला, दुसऱ्यांच्या मैदानावर, कोण जातं टाळ्या वाजवायला?"

खरं म्हणजे चिडण्याचीच भीती त्याला जास्त होती. फुटबॉलचं तिनं पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा तो खो खो हसला होता. "हाडं मोडून घेशील!" मग तिनं लीड्सच्या पावसाचा विषय काढला. त्यानंतर खेळाचं जे काही कळायचं ते सान्वीकडून.

सप्टेंबरात दोघं तिला सोडायला गेले होते. अरुंद पलंग, खिडकीबाहेर विटांची भिंत, पॅसेजमध्ये अनोळखी मुलींचा कलकलाट. तेव्हापासून घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं होतं. आवाज यायचे, पण लांबून.

पुण्याहून आजींचा व्हिडिओ कॉल आला. बेत ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"पोर ऐन दिवाळीत घरी नाही म्हणजे काय! परीक्षितराव, चकल्या तरी घेऊन जा. लहानपणी डबा नुसता उघडायची खोटी, फस्त करायची."

"आणतो, वेम्बलीच्या दुकानातून."

"विकतच्या?" आजींनी नाक मुरडलं.

मग दोघांनी मिळून शंकरपाळ्यांचा घाट घातला. निम्म्या करपल्या. बाकीच्या सान्वीनं डब्यात भरल्या.

संध्याकाळी चैत्रालीचाच फोन आला.

"काय करताय दोघं?"

"काही नाही, घरीच. सानूला हाफ टर्मची सुट्टी आहे."

"जेवताय ना नीट?"

"हो. तू?"

"मी मजेत रे." ती हसली. मागे कोणीतरी तिला हाक मारत होतं. "चल, ठेवते. सगळे थांबलेत."

फोन ठेवून त्यानं शंकरपाळ्यांचा डबा पिशवीत भरला. तिचं तिकडे छान चाललंय, आपल्यावाचून तिचं काही अडत नाहीये, याचा आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हे त्याला कळेना.

बुधवारी सकाळी निघाले तेव्हा धुकं रस्त्यावर उतरलं होतं. सान्वीच्या हट्टापायी मोटरवे सोडून ते डोंगरात शिरले. गाडी चालते आहे की नुसती तरंगते आहे, कळत नव्हतं. दगडी कुंपणं धुक्यातून उगवायची आणि विरून जायची. मधेच एक मेंढी अगदी रस्त्याशी येऊन, ओळख असल्यासारखी बघत राहिली.

"बाबा, आपण तिला आवडणार का तिथं?" सान्वीनं हळूच विचारलं. "तिचं नवीन लाइफ आहे ना."

"बघू," तो म्हणाला. तोच प्रश्न तो पहाटेपासून स्वतःला विचारत होता.

ते पोचले तेव्हा मॅच रंगात आली होती. मैदानाच्या कडेला जेमतेम पाच-सात माणसं. दोघं एका जाड कोट घातलेल्या बाईच्या आडोशाला उभे राहिले. धुक्यात गोलपोस्ट फिकट, पेन्सिलीनं काढल्यासारखा दिसत होता, आणि त्यात हिरव्या जर्सीतली चैत्राली. हात पसरून उभी. परीक्षितला ती ओळखीची वाटली आणि अजिबात ओळखीची वाटली नाही. आपल्या टीममधल्या मुलींवर ती मोठ्यानं ओरडत होती, हातवारे करत होती, आणि सगळ्या जणी तिचं निमूट ऐकत होत्या.

बरोबरी होती. शेवटची काही मिनिटं उरली असताना एकदम शिट्टी वाजली. पेनल्टी. लँकेस्टरला.

"जाणार आता," परीक्षित पुटपुटला. सान्वीनं त्याची बाही घट्ट पकडली.

लँकेस्टरची उंच मुलगी धावत आली. चैत्राली डावीकडे झेपावली. चिखलात तिचं अंग आपटल्याचा आवाज कडेपर्यंत आला. बॉल तिच्या छातीशी होता.

परीक्षितच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यानं पुसलंही नाही. कोटवाली बाई वळून त्याच्याकडे बघत कौतुकानं म्हणाली, "तुमची मुलगी?"

तो उत्तर देणार, तेवढ्यात सान्वी कठड्यावर चढून, घसा फाटेल इतक्या जोरात ओरडली, "येस! येस, आई!"