चाळीस ग्रॅम

काटा तीनशे साठवर येऊन स्थिरावला.

ओयदिनने तांदळाची परात उचलून पुन्हा तराजूवर ठेवली. तीनशे साठच.

तिच्या सासूबाई सलोमत नित्य कोठीतून प्याल्याने तांदूळ मोजून आणीत. एक सपाट प्याला स्वतःचा, एक सुनेचा, आणि वर एक मूठ परमुलखातील मुलाच्या नावाची. घरचा माणूस प्रवासात असला की त्याची मूठ शिजलीच पाहिजे, असा त्या घराचा नेम होता. लग्नानंतरच्या पहिल्याच पुलावाचा ओयदिनने लगदा केला होता. तेव्हापासून ती सासूबाईंनी मोजलेल्या तांदळाचे पुन्हा वजन करी आणि त्यावरून पाण्याचे प्रमाण ठरवी. दोन प्याल्यांचे तीनशे साठ ग्रॅम, मुठीचे चाळीस. काटा रोज चारशेवर येई.

आज बुनयोदची, तिच्या नवऱ्याची, मूठ नव्हती.

"आई, तांदूळ आज कमी भरतोय," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली.

"माहेरून आंदण आणलंस ते काय, तर तराजू!" सासूबाई गाजरे चिरीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मोजलाय तो बरोबर आहे. चूल पेटव."

टोमणा नेहमीचाच होता, परंतु स्वर ओला होता. कांदा तर अद्याप चिरलाही नव्हता.

बुनयोद रशियात इमारतींच्या कामावर होता. वसंत ऋतूत तो येणार म्हणून सासूबाईंनी अवघ्या गल्लीला सांगितले, आणि ऐन वेळी त्याचे येणे रद्द झाले. आपल्याच जिभेची दृष्ट लागली, असे त्या म्हणाल्या व पुढे त्याच्या येण्याचा विषय त्यांनी कुणापाशी काढला नाही. अलीकडे तर त्याचा फोनही लागत नव्हता. आज सकाळी शेजारची रिसोलात, जिचा मुलगा त्याच्याबरोबर काम करी, फाटकाशी येऊन काही कुजबुजली. सासूबाई तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांनी पदराने तोंड झाकले. त्यानंतर त्यांनी चहाचा घोटही घेतला नव्हता.

"रिसोलातमावशी काय सांगत होत्या?"

"तिची गाय व्याली."

"म्हणून तुम्ही रडलात?"

"मला गाईगुरांची माया आहे. तुला काय त्याचं? झारा आण जा."

झारा आणण्यास ओयदिन आत गेली आणि भिंतीकडे पाहून थबकली. खिळा रिकामा होता.

घर सोडताना बुनयोदने रोटीचा एक घास तोडला होता. उरलेली रोटी तेव्हापासून त्या खिळ्याला फडक्यात टांगलेली होती. परतलेल्या माणसाने ती संपवायची असते. जो परतत नाही, त्याची रोटी पाखरांना घालतात.

तिने खिडकीतून पाहिले. जर्दाळूच्या झाडाखाली तेच फडके झटकून वाळत घातले होते आणि चिमण्या भोवती काही टिपीत होत्या.

पुलाव कसा शिजला, हे तिला समजले नाही. तिने ताट ओसरीवर मांडले.

"खा," सासूबाई म्हणाल्या. "नाही, थांब जरा. बस."

"आई, तुमच्या पाया पडते, खरं सांगा. ह्यांची मूठ का नाही घातलीत?"

"मूठ प्रवासातल्या माणसाची असते, सूनबाई. आज ती घालायची नव्हती."

ओयदिनने ओरडू नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली. ती भुईवर कोसळली.

"अगं वेडे! अजून तोंड उघडायचं नव्हतं मला, उंबरा ओलांडेपर्यंत..." सासूबाईंनी तिला दंडाला धरून उठवले.

फाटकाची कडी वाजली. सासूबाईंनी ताटाशेजारी घास तोडलेली ती वाळकी रोटी ठेवली.

"प्याले दोनच घातलेत, पोरी. एक तुझा, एक त्याचा. माझा आज नवसाचा रोजा आहे."