नकाशावरचं घर

"आता सुईला हात न लावता नकाशा फिरवा, अब्बा."

"सुईला हात लागणार कसा गो? वर काच हाय." इलियास हसले. कोलाडबाहेरच्या बांधावर बसून त्यांनी होकायंत्राखालचा नकाशा हळूहळू फिरवला. उत्तरेची रेघ सुईखाली आली, तेव्हा माहिरानं न सांगता ते थांबले.

"हा कालवा. ती रेल्वे. म्हंजे आपण हितं." बोट बरोबर जागी पडलं.

गेल्या दोन महिन्यांत त्यांना दोनदा परक्या माणसांनी घरी आणून सोडलं होतं. दुसऱ्या वेळी ते हायवेच्या मधोमध उभे होते. आज संध्याकाळी मिथुन अंगणाला ग्रील बसवायला येणार होता, बाहेरून कुलूप लागणारं. अब्बांनी वाट ओळखून दाखवली तर ग्रील नको, असं माहिरानं आईला, साबिराला, सांगून ठेवलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, आणि कोंडलेला माणूस चालणार कुठं?

वाट फुटली तिथं इलियासनी पुन्हा नकाशा मांडला आणि डावी वाट घेतली. पुढच्या फाट्यावर उजवी. दोन्ही बरोबर. मागून चालता चालता माहिरानं मिथुनला फोन लावला. त्यानं उचलला नाही.

असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाची वेळ झाली. कालव्याच्या पाण्यानं हातपाय-तोंड धुऊन वजू करून इलियासनी बांधावर रुमाल अंथरला आणि ते उभे राहिले. तोंड पश्चिमेच्या बरंच डावीकडे होतं.

"अब्बा, किबला उजवीकडं. मक्का इथून पश्चिमेला. होकायंत्र बघा."

"तू मला शिकवतेस?" त्यांचा आवाज मायेचा होता. "बावीस वर्षं हितंच पढतोय."

"हितं म्हणजे?"

"कुवेतला. आणि कुठं?"

त्यांनी नमाजाची नियत बांधली. माहिरा हातातल्या होकायंत्राकडे बघत राहिली. तिथली नोकरी सोडून अब्बा कधीच गावी परतले होते. कुवेतहून मक्का नैऋत्येला. अब्बा अगदी नैऋत्येला तोंड करून उभे होते.

नमाज संपल्यावर तिनं नकाशा त्यांच्यापुढे धरला. "आपलं घर कुठं?"

त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. मशिदीमागची गल्ली, तिसरं घर. "हे काय. साबिरानं चहा ठेवला असंल आता."

"मग चला ना घरी."

"कसा चलू? सुट्टी कुठं मिळालीय?"

फोन वाजला. "ताई, मिस कॉल होता तुमचा," मिथुन म्हणाला. "सामान गाडीत भरलंय. येऊ ना?"

माहिरानं अब्बांकडे बघितलं. ते रुमाल झटकून घडी घालत होते.

"या," ती म्हणाली.

फोन ठेवून तिनं त्यांचा हात धरला. इलियासनी तो हलकेच सोडवून घेतला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"तू जा गो. माझी शिफ्ट हाय," ते म्हणाले. "घरी सांग, मी बरा हाय."