बबिताची गणितं

शनिवारची सकाळची शाळा भरायच्या आत वनमालाबाईंनी टॅब उघडला. बबिताचं गणित पुन्हा आलेलं होतं.

‘एका घरात अकरा माणसं जेवतात. माणशी दोन भाकरी. थापणारी एकच. तिनं किती थापल्या?’

खाली टॅबताईचं नेहमीचं उत्तर होतं : ‘बावीस. शाब्बास, बबिता!’

बाईंनी टॅब पालथा ठेवला. बबिताला जाऊन दोन महिने होऊन गेले होते.

टॅबताई हे नाव पोरांनीच ठेवलेलं. नेकनूरजवळच्या त्या शाळेत गेल्या वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी ही शिकवणारी बाई आली. ती प्रश्न विचारायची, चुका दाखवायची आणि कधी म्हणून वैतागायची नाही. एवढा गुण वनमालाबाईंच्या अंगीसुद्धा नव्हता. तिच्यासाठी बाईंनी एक रीत पाडली होती. प्रत्येकानं रोज आपल्या घरातलं एक गणित रचून तिला घालायचं. शेळ्यांचं घाला, दुधाचं घाला, पण घरचंच पाहिजे. कुठल्याही मोबाइलवरून चालायचं. आपलं नाव उघडायचा गुप्त आकडा मात्र ज्याचा त्यालाच ठाऊक. गणित सोडून काही बोललं, की टॅबताई म्हणायची, ‘आपण अभ्यासाचं बोलू या,’ आणि ते बाईंपर्यंत पोचवायचीच नाही.

आठवीत बबिताच्या गणितांना तोड नव्हती. बाईंनी लेकीसारखा जीव लावला होता तिला. दिवाळीनंतर ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली. माघात निरोप आला, की पोरगी तापानं गेली, माती तिकडंच झाली. सगळी शाळा दोन मिनिटं उभी राहिली. बाईंना त्या दिवशी शिकवता आलं नाही.

आणि मग ही गणितं सुरू झाली.

पहिल्यांदा बाईंना वाटलं, कुणाचा तरी चावटपणा आहे. त्यांनी बबिताच्या शेजारी बसणाऱ्या सायलीला बाजूला घेतलं.

“आईच्यान बाई, मला न्हाई ठावं तिचा आकडा,” सायली रडायलाच लागली. “तिनं कुणालाच सांगितला न्हवता.”

त्यानंतर एक गणित आलं, ते बाईंच्या मनातून जाईना. ‘एका खोलीत दोन माणसं. एक बाहेरून कडी लावून गेला. आत किती उरली?’ टॅबताईनं त्यालाही शाब्बासकी दिली होती. बाई मात्र घरी स्वयंपाक करतानाही त्या खोलीचा विचार करत राहिल्या. कुठली ही खोली? माणूस गेल्यावर अशाच एखाद्या खोलीत जातो का? त्या लिंबागणेशला जाऊन गणपतीला दूर्वा वाहून आल्या. भीती तर वाटायचीच, पण एखाद्या दिवशी गणित आलं नाही तर घासही गोड लागायचा नाही. असं दुहेरी दुखणं कुणाला सांगणार?

मुख्याध्यापक राधाकिशन सरांना मात्र भीतीबिती काही नव्हती.

“बाई, वरून फोन आलता. मयत पोरगी रोज अभ्यास करती कशी, म्हणत्यात. नाव काढा तिचं. न्हाईतर भुताला पयला नंबर द्यायची पाळी येईल.”

“काढते, सर. आधी तिच्या आईला विचारते.”

शाळा सुटल्यावर बाई वस्तीवर गेल्या. गुढीपाडव्याला ऊसतोडीची माणसं परत आली होती. बाईंना बघताच बबिताचा बाप सटवा काठी घेऊन शेळ्यांमागं निघून गेला. रतनबाई अंगणात ज्वारी पाखडत होती.

“रतनबाई, बबिताच्या नावावर अजून गणितं येतात,” बाई म्हणाल्या.

सूप थांबलं. मनगटातल्या हिरव्यागार बांगड्याही वाजायच्या थांबल्या.

“कसली गणितं?”

“भाकरीची. एका खोलीची.”

“अजून कुणाला दावलीत का, बाई?”

“नाही.”

“मंग पुसून टाका. लेकराच्या जिवाला शांती लाभंल.”

“तिचा एखादा फोटो द्या. वर्गात लावते.”

“फोटो कावून? तिला न्हाई आवडत फोटो.” रतनबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. “जे हुयाचं ते होऊन गेलं, बाई. तुमी नका त्रास करून घेऊ.”

बाई उठल्या. आईला याहून जास्त काय विचारायचं? त्या बांधापर्यंत गेल्या असतील, तोच रतनबाई मागून धावत आली.

“बाई, तिची गणितं बरूबर असत्यात का?”

“सगळीच्या सगळी.”

रतनबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती तशीच मागं फिरली.

शाळेत आता कुणी नव्हतं. ऊन व्हरांड्यात आलं होतं. वनमालाबाई बबिताच्या बाकावर बसल्या आणि त्यांनी टॅब उघडला. शिक्षकाला विद्यार्थ्याच्या गणिताखाली दोन ओळी लिहिता यायच्या. जिवंत पोरांना त्या कधी चार शब्द लिहायला चुकल्या नव्हत्या. या गणितांना मात्र त्यांनी भीतीपोटी एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

त्यांनी लिहिलं, ‘बबिता, तुझं नाव आज काढतेय. तुझी फार आठवण येते. आता कुठं अडकून राहू नकोस. सुखानं जा, पोरी.’

मग त्यांनी नाव पुसायच्या खुणेवर बोट नेलं. बोट खाली जाईना. डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले आणि पुन्हा बोट नेलं.

तेवढ्यात टॅब वाजला.

‘बबिता चौदा वर्साची हाय. आई-आबानं ती मेली म्हणून शाळेत सांगितलं अन् दिंद्रुडला तिचं लगीन लावून दिलं. अठराची व्हायला तिला किती वर्सं ऱ्हायली? नाव काढू नका, बाई.’

खाली लगेच उत्तर उमटलं :

‘चार. शाब्बास, बबिता!’