पाय न टेकता

तुटलेली क्लच वायर मेकॅनिकने मावशींच्या तळहातावर ठेवली. "या गाडीची वायर आता सोमवारी मिळणार," तो म्हणाला. "आज शनिवार."

शनिवार आहे हे मावशींना ठाऊक होतं. अकरा दिवस त्या मोटरसायकलवर एकट्या, समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेकडे चालल्या होत्या, आणि दीपगृहापाशी रस्ता संपायला आता बावीस किलोमीटर उरले होते. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, ते असं. त्यात त्या एक चूक करून बसल्या होत्या. गाडी बंद पडल्याचं फोनवर दादाला सांगून टाकलं होतं. दादा, म्हणजे थोरला भाऊ, गेले चार दिवस बसने त्यांच्या मागोमाग, एक गाव अंतर ठेवून येत होता, सहज हवापालटाला म्हणून. त्याने लगेच टेम्पो ठरवला. "तू तिथंच बस. तासाभरात पोचतो. गाडी टेम्पोत घालू आणि घरी जाऊ." दादाला फोनवर नाही म्हणणं एक वेळ जमायचं. तो समोर उभा राहिला, की साठाव्या वर्षीही मावशींच्या तोंडून 'हो'शिवाय काही निघत नसे.

"वायरशिवाय चालतच नाही का?" त्यांनी विचारलं.

मेकॅनिकने हात पुसले. "चालते की. थांबता येत नाही, एवढंच. म्हणजे थांबली, की पुन्हा ढकलायला कुणीतरी हवं. हे धूड तुमच्या एकटीच्याने हलायचं नाही."

"आणि गिअर?"

"आवाज ऐकून टाकायचे. रेस सोडली, की क्षणभर इंजिन ना ओढतं, ना अडवतं. तेवढ्यात. चुकलं तर दात खाईल."

मावशींनी पस्तीस वर्षं पायमशीनवर कपडे शिवले होते. सुई अडणार हे त्यांच्या कानाला आधी कळायचं, डोळ्याला मागून. त्यांनी हेल्मेट चढवलं. "ढकला," म्हणाल्या.

मेकॅनिकने आधी एक फोन लावला. वाटेत पुलापाशी नाका होता आणि तिथला चौकीदार त्याचा मेहुणा होता. "दांडा वर करून ठेव. एक मावशी येतायत. नाही, घाई वगैरे नाही. त्यांना थांबता येत नाही."

मग त्याने कमरेत वाकून गाडी ढकलली. ती पळू लागली तशी मावशींनी पहिला गिअर टाकला. असा हिसका बसला की हेल्मेट नाकावर आलं. दुसऱ्याने दात खाल्ले. तिसरा मात्र अलगद पडला, आणि मावशींनी स्वतःलाच शाब्बास म्हणून घेतलं.

डांबर तापलं होतं, वारा गरम होता आणि ओठांवर मीठ येत होतं. खिशात फोन वाजायला लागला. दादाच असणार. हँडलवरचा हात सोडायची सोय नव्हती, आणि आज पहिल्यांदाच मावशींना त्याचं वाईट वाटलं नाही.

नाक्याचा दांडा वर होता. चौकीदाराने खुर्चीतून उठून सलामही ठोकला. इथवर झकास. पण पूल अरुंद, आणि त्याच्या मधोमध मासळीसाठी बर्फ नेणारी हातगाडी. आपल्याच आजोबांनी पूल बांधून ठेवल्यासारखा हातगाडीवाला निवांत चालला होता. मावशी दुसऱ्यावर आल्या, मग पहिल्यावर. इंजिन गचके देऊ लागलं. गाडी डोलली आणि डावा पाय आपणहून जमिनीकडे निघाला.

हा पाय मावशींचा जुना वैरी. लायसन्सच्या परीक्षेत पाय न टेकता आठचा आकडा काढायचा असतो. इन्स्पेक्टरने चार वेळा मान वर न करता तेच लिहिलं होतं: पाय टेकला, नापास. चौथ्या वेळी दादा कुंपणापाशी उभा होता. "पुरे आता," म्हणाला. पाचव्या वेळी मावशी त्याला न सांगता गेल्या आणि पास होऊन आल्या.

त्यांनी पाय वर घेतला. गुडघे टाकीला आवळले, हातगाडीवरची नजर काढून पुलाच्या पलीकडच्या टोकावर लावली. बर्फाचं पाणी वाटेवर सांडत होतं, त्यावरून चाकं हळूहळू गेली. पूल संपला आणि वाट रुंदावली.

"मावशी, हॉर्न द्यायचा की," बाजूने जाताना हातगाडीवाला म्हणाला.

हॉर्न असतो हे त्या विसरल्याच होत्या. पुढचे दोन किलोमीटर त्या एकट्याच हसत होत्या.

रस्ता दीपगृहाच्या आवारात शिरला आणि संपला. पुढे कठडा, कठड्यापलीकडे तिन्ही बाजूंनी समुद्र. आवारात फक्त एक झेंड्याचा खांब आणि जरा अंतरावर पाण्याची टाकी. मावशींना रडू आलं, आणि त्यांनी ते येऊ दिलं. आता ब्रेक दाबायचा, इंजिन बंद करायचं आणि पाय टेकायचा. दादा टेम्पो घेऊन यायचा तेव्हा येवो.

त्यांनी ब्रेक दाबला नाही. खांबाला उजवीकडून वळसा घातला, टाकीला डावीकडून. आठ झाला. दोन्ही पाय जागच्या जागी होते. फोन पुन्हा वाजायला लागला होता.

दीपगृहाचा रखवालदार जेवणाचा डबा तसाच टाकून धावत आला. बाईंच्या गाडीला काहीतरी झालंय, एवढंच त्याला दिसत होतं. दोन्ही हात वर करून त्याने विचारलं, "मावशी, थांबता येत नाही का?"

"येतं की," मावशी म्हणाल्या, आणि खांबाकडे पुन्हा वळल्या.